मार्च एंडच्या आधीचा स्टॉक

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. मार्च संपत आला की यार्डातलं कास्टिंग, पिग आयर्न, स्क्रॅप, कोक असं जे काय पडलेलं असेल ते मोजून कागदावर आणायचं, हे गेली बावीस वर्षं माझं काम. त्यामुळे भाचीनं फोनवर "मामा, शनिवार-रविवार तळ्यांवर पक्षी मोजायला येतोस काय?" असं विचारलं, तेव्हा 'पक्षी' यापेक्षा 'मोजायला' हा शब्द मला जास्त जवळचा वाटला. मार्च निम्मा सरला होता. पुढचे दोन्ही शनिवार-रविवार ऑफिसात जाणार हे ठरलेलंच. म्हटलं, चल.

भाची बीएस्सीला आहे, विषय झूलॉजी. कोल्हापूरच्या निम्म्या पोरींसारखी ती 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. तिची पुण्याची आत्या अजून दचकते. तर ती म्हणाली, "मी पावणेसहाला खाली येऊन हॉर्न मारतो. आवरून बस."

ऑफिसातल्या एका मित्राची दुर्बीण मागून आणली होती. तिच्यावर ८×४२ असं लिहिलेलं. मला वाटलं मॉडेल नंबर. ८ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तेवढा उजेड जास्त, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला बरं पडतं. दहा-बारा पटीची आणखी भारी असेल असं आपल्याला वाटतं, पण आपला हात जेवढा हलतो तेवढंच दहा पटीनं चित्रही हलतं. पहिली दहा मिनिटं मला माझ्या पापण्यांशिवाय काही दिसलं नाही. मग भाचीनं डोळ्यांकडची रबरी कडी खाली फिरवून दिली. चष्मेवाल्यांनी ती खाली ठेवायची असते. पन्नाशीला आलो तरी हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी पावणेसहाला हॉर्न वाजला आणि मी खाली उतरलो. भाचीनं गाडी बंद केली.

"मामा, पांढरा शर्ट?"

"का? सुट्टीचा आहे."

"लांबनं दिसतोस. जा, बदल."

परत वर जाऊन फाउंड्रीत घालायचा मळखाऊ शर्ट चढवला. बायकोनं झोपेतच विचारलं, "आज पण कंपनी?"

कळंबा तलावावर पोचलो तेव्हा सूर्य उगवायचा होता. या तळ्यानं कोल्हापूरला पाणी पाजलंय. बंधाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली होती. मीही या बंधाऱ्यावर डॉक्टरनं सांगितलं म्हणून वर्षभर चाललोय. तळ्यात काळे ठिपके असतात इतपत माझी माहिती होती. त्या ठिपक्यांत किमान पाच प्रकार आहेत हे त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त वारकरी. नाव शोभतं त्याला. बुक्क्यासारखं काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. पाय बदकासारखे पडद्याचे नसतात, प्रत्येक बोटाला वेगळ्या झालरी असतात. उडायचं झालं तर हा थेट उडत नाही, पाण्यावर फटाफट पाय आपटत बरंच अंतर पळत जातो आणि मग कुठं वर उठतो. एसटीमागं धावणारा माणूसच तो. मग हळदी-कुंकू बदक: चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे ठिपके. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. एकदा ऐकलं की जन्मभर चुकायचं नाही. हे बदक आपलंच, बारा महिने इथं राहणारं. थापट्या मात्र पाहुणा. त्याची चोच उलथन्यासारखी पुढं चपटी. सोळा थापटे गोल धरून एकमेकांच्या मागं फिरत होते, सगळ्यांची तोंडं पाण्यात. भाची म्हणाली, असं फिरून ते खालचं पाणी ढवळून वर आणतात आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक चाळणीतून किडे, बिया गाळून घेतात. आमच्या वाळूच्या प्लांटमध्ये चाळणी अशीच फिरते, फक्त आवाज जास्त करते.

मोजायची रीत तिनं शिकवली. "आधी दहा मोज. त्या दहांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यात धर. मग तेवढा तेवढा तुकडा पुढं सरकवत जा."

हे मला शिकवायची गरज नव्हती. यार्डातला ढीग आम्ही असाच मोजतो, एक ट्रॉली प्रत्यक्ष मोजायची आणि बाकीचा ढीग ट्रॉल्यांत बसवायचा. फरक एवढाच की कास्टिंग बुडी मारत नाही.

माझे वारकरी झाले १४२. तिचे ११८. घरच्या स्टॉकमध्ये एवढा फरक आला असता तर मी कुणाला जेवायला सोडलं नसतं. पुन्हा मोजले, यावेळी ऊन पाठीशी येईल अशा जागेवर जाऊन. मग लक्षात आलं, समोरून उजेड असताना मी टिबुकल्याही वारकऱ्यांतच धरल्या होत्या. टिबुकली मुठीएवढी, बुडाला शेपूट नाही म्हटलं तरी चालेल, आणि बघावं तेव्हा पाण्याखाली. आपण इथं बघत राहतो आणि ती भलतीकडंच वर येते. तिसऱ्या वेळी दोघांचं मिळून १२७ वर एकमत झालं. टिबुकल्या ३४, पण या आकड्यावर मी सही करणार नाही.

त्यात बेशरमाच्या झुडपांकडच्या उथळ पाण्यात एक जुडगा अगदी गप्प बसून होता. लहान, तपकिरी बदकं, चोची पाठीत खुपसून झोपलेली. मी 'इतर' लिहून पुढं जाणार होतो. भाचीनं दंडाला धरून थांबवलं. तेवढ्यात एकानं मान वर काढली, आणि त्याच्या डोळ्यावरून मानेपर्यंत खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. भुवई बदक. नराला ही भुवई असते, मादी साधी. युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या थंड मुलखात यांची वीण होते, आणि हिवाळा काढायला ती आपल्याकडं येतात. नर आता पूर्ण नटलेले होते, म्हणजे परतीची वेळ झाली होती. एकेचाळीस. दोनदा मोजली, दोन्हीदा एकेचाळीस. दिवसभरातला हा एकच आकडा असा, की ऑडिटरपुढं छातीठोक ठेवला असता.

तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून एक मासेमार जाळं ओढत त्या बाजूनं आला आणि अर्धं तळं उठलं. आमचा बाकीचा हिशोब तिथंच पाण्यात. तो काठाला लागला, तेव्हा त्यानंच चौकशी केली.

"काय मोजालाय?"

"पाखरं."

"सरकारी हाय काय?"

"न्हाई, आमचंच."

"पैसं किती मिळत्यात?"

"काहीच नाही."

तो थोडा वेळ आमच्याकडं बघत राहिला. मग जाळ्यातला चिलापी सोडवत म्हणाला, "ती बारकी हाय न्हवं, टिबुकली, ती गावती कधीमधी जाळ्यात. बुडून मरती. खायाला काय न्हाई तिच्यात, उगंच जीव जातो." त्याला पाणकावळ्याचा राग होता, तो मासे पळवतो म्हणून. कुठल्या कोपऱ्यात कुठलं पाखरू कधी उतरतं हे त्याला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. फक्त त्यानं ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

पाणी मागं सरल्यानं काठाला गाळाचा मोठा पट्टा उघडा पडला होता, वर सुकून भेगाळलेला. त्यावरून पलीकडं जाऊन उरलेला कोपरा मोजावा म्हणून निघालो, तर टिटवीनं डोकं उठवलं. एक समोरून अंगावर आल्यासारखी यायची आणि ऐनवेळी वळायची. दुसरी बाजूला पंख पाडून लंगडल्यासारखं करत होती. आमची आजी टिटवी ओरडली की पाणी सोडायची आणि 'राम राम' म्हणायची. मी मनात तेच म्हणत पुढं पाऊल टाकलं.

"मामा, हलू नको."

पाय जिथं पडणार होता तिथून हातभर अंतरावर चार अंडी होती. घरटं म्हणायला काही नाही, गाळात जरासा खळगा आणि कडेनं खडे. अंडी मातकट, त्यावर काळे डाग, टोकं आत आणि चौघांची डोकी जुळवून ठेवलेली. बघताना नजर हटवली तर परत सापडायला मिनिट लागलं. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं ती उबवतात. 'उबवतात' हा शब्द मार्च-एप्रिलमध्ये चुकीचाच म्हणायचा. उन्हानं अंडी शिजू नयेत म्हणून ती सावली धरून उभी राहतात, आणि पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येऊन अंड्यांवर बसतात. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच.

आम्ही आलो त्याच पावलांवरून मागं फिरलो. फोटो काढायचा का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. आपण जेवढा वेळ थांबू तेवढा वेळ ती उन्हात उघडी. शिवाय माणूस कुठं वाकला, हे कावळ्याला बरोबर कळतं. समोर शंभरेक पावलांवर पोरांनी गाळावर क्रिकेटची खेळपट्टी आखलेली होती. मी जाऊन त्यांना सांगून यायला निघालो. भाची म्हणाली, सांगितलंस तर बघायला येतील. सांगायचं की नाही यावर मिसळ येईपर्यंत आमचं भांडण चाललं. शेवटी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. मिसळीचा कट मात्र त्या दिवशी दोनदा मागून घेतला.

दुपारी घरी येऊन तिनं सगळं मोबाइलमधल्या ई-बर्डवर चढवलं. पक्ष्यांच्या नोंदी जगभरातून गोळा करणारं हे ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, फुकट. कुठं, किती वाजता, किती वेळ, किती अंतर चाललात, मग पक्षी आणि आकडे. शेवटी ते एक प्रश्न विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का?

मी म्हटलं, हो लिही.

"कावळे?"

मी कावळे मोजले नव्हते. पारवे, साळुंक्या, घारी, चिमण्या, काहीच नाही. मला वाटलं ते काय मोजायचे. "मग हो कसं म्हणायचं?" ती म्हणाली. हा प्रश्न असा की माझ्यासारख्या माणसाला झोप लागू नये. व्हाउचर फाटलं, हरवलं, चालेल; पण 'सगळं दाखवलंय' या वाक्याखाली खोटी सही चालत नाही. तिनं मग समजावलं. यादी पुरी असेल तर त्यात जे नाही तेही कळतं. उद्या कळंब्याच्या शंभर पुऱ्या याद्यांत चिमणी नसेल, तर तिथं चिमणी नव्हती असं म्हणता येतं. अर्धवट यादीतून ते म्हणता येत नाही, कारण ती दिसली नाही की लिहायचा कंटाळा आला, हे कोण सांगणार? नशिबानं कावळे-साळुंक्या तिनं स्वतःच्या वहीत टिपल्या होत्या. आमची यादी वाचली. दुसऱ्या दिवशीपासून मी कावळ्यापासून सुरुवात केली.

राहिला एक मोठा तपकिरी शिकारी पक्षी. पाणकणसांवरून खालून खालून गेला, मी घार म्हटलं, तिनं फक्त शेपूट बघितली आणि ती घारीसारखी दुभंगलेली नव्हती. पण घार नाही तर मग काय? "न ओळखलेला शिकारी पक्षी असं लिहिता येतं," ती म्हणाली. म्हणजे सस्पेन्स अकाउंट, खुलासा होईपर्यंत नोंद ठेवायचं खातं. मला ॲपबद्दल आदर वाटला.

संध्याकाळी रंकाळा. रंकाळ्याबद्दल मी निष्पक्ष लिहू शकत नाही, पाठीला डबा बांधून तिथं पोहायला शिकलोय. पाणी उतरल्यामुळं संध्यामठ चांगला वर आला होता. पावसाळ्यात त्याचा बराच भाग बुडतो. पलीकडं शालिनी पॅलेस, अलीकडं चौपाटीवर भेळेच्या गाड्या, कणसांचा धूर, फुगेवाले, आणि या सगळ्याकडं पाठ करून कठड्याला दुर्बीण टेकवलेले आम्ही दोघं. चार जणांनी विचारलं काय दिसतंय. एकानं दुर्बीण मागून घेऊन पॅलेसची घड्याळं बघितली.

पण खरी गंमत परताळ्यात. रंकाळ्याला लागून असलेली ही दलदल, केंदाळ आणि पाणकणसांनी भरलेली. केंदाळ म्हणजे जलपर्णी. ती वाढते सांडपाण्यावर. नाल्यातून येणारं नत्र आणि स्फुरद हेच तिचं खत. तिनं पाणी झाकलं की खाली उजेड जात नाही, प्राणवायू कमी पडतो, मासे मरतात. रंकाळ्यात हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय आणि नाकानं सोसलंय. आणि त्याच केंदाळावर जांभळ्या पाणकोंबड्या सोन्याच्या भावात वावरत होत्या: निळं-जांभळं अंग, कपाळापर्यंत लाल चोच, चालताना शेपटी उचकून खालचा पांढरा रुमाल दाखवायचा. एक तर पायात देठ धरून पोर ऊस खातं तसं सोलून खात होती. तेवीस मोजल्या, आतल्या किती असतील देव जाणे. कमळपक्षी तीन. त्याची बोटं एवढी लांब की पानावर वजन पसरतं आणि तो बुडत नाही. त्यांच्यात मादी अनेक नरांशी जोडी जमवते आणि अंडी, पिल्लं सगळं नराच्या गळ्यात टाकून मोकळी होते. भाचीनं हे जरा जास्तच रंगवून सांगितलं.

मग केंदाळ काढायचं की ठेवायचं? काढायचंच. पाणी आधी. पण मशीन लावून एका आठवड्यात सगळं खरवडून काढायच्या आधी काठाची पाणकणसं थोडी राखली, विणीचे महिने टाळले, तर या तेवीस जणी कुठं जातील याची काळजी निम्मी होईल. आणि नाला तसाच सोडून केंदाळ काढायचं म्हणजे गळका नळ चालू ठेवून फरशी पुसायची.

म्हशी पाण्यातून निघायच्या वेळी काठावर गोंधळ झाला. पायऱ्यांजवळ एक पिवळसर, चौकटीचौकटीचा साप तोंडात मासा आडवा धरून बसला होता. "नाग, नाग!" दोन मिनिटांत तीस माणसं. एकाच्या हातात दगड. माझी एवढीशी भाची मध्ये उभी राहिली. "नाग नाही काका, दिवड आहे. विषारी नसतो. तुम्ही तीस जण आहात आणि तो जेवतोय." लोक हसले, दगड खाली पडला. सापानं मासा डोक्याकडून फिरवून घेतला, गिळला आणि फटीत गेला. ई-बर्डवर सापाला जागा नाही. मी माझ्या वहीत लिहिला.

सूर्य बुडताना आकाश भरलं. आधी बगळ्यांच्या रांगा. गाय बगळ्यांत एखाद-दुसऱ्याच्या डोक्यावर नारिंगी झाक आली होती. विणीच्या दिवसांत डोकं, मान, पाठ सगळं तसं होतं. मग भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, पण त्या उजेडात सगळ्या काळ्याच. यांना पळस मैनाही म्हणतात, पळस फुलला की त्यावर तुटून पडतात म्हणून. मध्य आशियाच्या गवताळ मुलखात जाऊन वीण करतात, एप्रिलपर्यंत इथून हलतात. थवा एकदा चादरीसारखा झटकला गेला, पुन्हा गोळा झाला, पुन्हा झटकला. दहाचा तुकडा, शंभराचा तुकडा. मी ६०० म्हटलं, ती ८०० म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला फरकाचं काही वाटलं नाही. शेवटी ७००. अंधारात रातबगळे बाहेर पडले. ते दिसत नाहीत, डोक्यावरून 'क्वाक्' असा एकेक आवाज जातो. अकरा आवाज, अकरा रातबगळे. सगळे जेव्हा घरी परततात तेव्हा यांची सेकंड शिफ्ट सुरू होते.

रविवारचं थोडक्यात सांगतो, कारण रविवारी आम्ही उशिरा उठलो आणि त्याची शिक्षा मिळाली. राजाराम तलावावर पोचेपर्यंत आठ वाजले. नऊला ऊन चटका देऊ लागलं, आणि पाण्यावरून हवा अशी थरथरायला लागली की दुर्बिणीतून लांबचं बदक आणि तरंगणारी बाटली सारखीच. मी एक बाटली तलवार बदक म्हणून लिहिलीही होती, खोडली. राखी बगळे सहा, शेकाटे चौदा, लाल काडीसारख्या पायांवर उभे. आणि त्या शनिवारच्या कोड्याचं उत्तर. तसाच तपकिरी शिकारी, पंख वर इंग्रजी व्हीसारखे धरून गवतावरून तरंगत आला, वळला, आणि त्याचं फिकट मलईसारखं डोकं उन्हात लख्ख दिसलं. दलदली भोवत्याची मादी, हाही हिवाळ्याचा पाहुणा. मी लगेच म्हटलं, कालची नोंद दुरुस्त कर. ती म्हणाली, काल आपण डोकं बघितलं नव्हतं. खरं होतं. आजच्या पावतीवर कालचा खर्च टाकता येत नाही. शनिवारचा पक्षी सस्पेन्समध्येच राहिला, अजून आहे.

शेजारी विद्यापीठाच्या आवारात मोर ओरडत होते. तिथं त्यांनी तळी खणून पाणी अडवलंय, त्याचा फायदा पाखरांनाही होतो. पण आत गेलो नाही, तहान लागली होती. कोटीतीर्थावर पंधरा मिनिटं काढली: ढोकऱ्या पाच, खंड्या एक, निर्माल्याच्या पिशव्या मोजल्या नाहीत. घरी जाताना भाचीला सांगत होतो की आपण जातोय ते गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ, आणि मंडई भरते ते कपिलतीर्थ. गावात तीर्थं होती तेवढी मुजवून आम्ही वर मैदानं आणि मंडया बसवल्या. ती म्हणाली, "म्हणून पावसात मैदानात पाणी तुंबतंय होय." तुंबत नाही, म्हटलं. ते आपल्या जागेवर येतं.

खरं तर इथं हे संपायला हवं होतं. पण रविवारी रात्री झोप येईना. चार अंडी, ती क्रिकेटची पोरं. रविवार होता, म्हणजे दिवसभर मॅचेस झाल्या असणार. सोमवारी पहाटे भाचीला न सांगता कळंब्यावर गेलो. शर्ट मळखाऊ घातला. ऊन पाठीशी येईल तिथं बंधाऱ्यावर उभा राहिलो आणि लांबूनच गाळ चाळला. खेळपट्टीचा चुना, एक तुटका स्टंप, गाडीच्या चाकांचे ठसे. त्या ठशांच्या पलीकडं, बरीच पलीकडं, टिटवी बसलेली होती. अंग फुगवून, मान आखूड करून. पाच मिनिटांनी दुसरी पाण्याकडून चालत आली, पोट ओलं, आणि पाळी बदलली.

मग सवयीनं बाकीचं मोजायला घेतलं. कावळे ९, साळुंक्या १४, वारकरी ११९. थापटे सोळाच्या जागी अकरा. बेशरमाच्या झुडपांकडं दुर्बीण वळवली. पाणी अगदी संथ होतं. पुढं जाऊन बघितलं, मागचा कोपरा बघितला, मासेमाराची ट्यूब काठाला उलटी पडली होती म्हणजे त्यानंही उठवलेली नव्हती. भाचीला फोन केला.

"एकेचाळीस होती ना ती?"

"हं."

"एकही नाही."

ती झोपेत होती. "रात्रीत गेली असतील मामा," म्हणाली. "रात्रीच उडतात."

ॲपमध्ये नोंद करायला बसलो तर कळलं, तिथं शून्य लिहायची सोयच नाही. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं, की झालं. मी हो म्हटलं. माझ्या वहीत मात्र भुवई बदकासमोर पेन्सिलनं शून्य काढलं, आणि पंचिंगला उशीर होतोय म्हणून गाडीला किक मारली.